दारातला लिंब

बाळाच्या लसीच्या रांगेत माझ्यापुढं नातवाला कडेवर घेतलेली एक आजी खोकत होती, म्हणून मी बाळाच्या तोंडावर ओढणी धरली. महापालिकेच्या निवडणुकीचा अर्ज घेऊन एक माणूस तिच्या मागं लागला होता.

“बेबीनंदामावशी, सूचक म्हणून तुमची सही लागती. तीन वाजता मुदत संपली की अर्ज बाद.”

“आधी माझ्या दारातला लिंब तोडू दे, तातेराव. दरवेळी तूच आडवा येतो.”

“झाडांसाठीच तर राजकारणात आलो, मावशी.”

“आला कुठं? तीनदा पडलास.”

“मिलच्या धुरावर बोललो, म्हणून पडलो.”

“धूर हाय तिथंच हाय. अन् लिंबाचा पाला मी रोज झाडून राह्यले. कंबर गेली माझी.”

“उद्यापासून मी झाडतो.”

“रोज?”

“बिलकुल रोज. लिंब तेवढा राहू द्या.”

“आण मंग पेन.”

नातवाला तिनं सरळ माझ्याकडं दिलं आणि सही केली.

“मावशी, मत पण मलाच ना?”

“न्हाई बाबा. नगरसेवक झालास तर झाडायला येशील व्हय?”