नावाड्याचं पान

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब घातले, तसे पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने डोळे घट्ट मिटून घेतले. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, थेंब घातलेत ना? मिट की ते पुस्तक!"

"तळ्याखालच्या राज्याचं आहे गं. आई वाचायची ते."

"आईला कुठे वाचता येत होतं? उलटं धरायची पुस्तक."

"तरी नावाड्याचं पान तिनेच वाचलं ना?"

"ते पान त्यात नाहीच. नातीसाठी नवं आणलं, तेव्हा अख्खं पालथं घातलं मी."

बाइंडरने वाचनालयांसाठी ते पुस्तक वीसेक वेळा बांधलं होतं. इतकं हाताळलेलं दुसरं पुस्तक त्याच्याकडे येत नसे. नावाडी त्यात नव्हता.

"मग परवा तुझ्या नातीने मला ते कसं वाचून दाखवलं?"

"तिला अजून अक्षरओळखही नाही, ताई."

"तेच म्हणतेय मी. अक्षरं दिसणाऱ्यांना ते पान दिसत नसावं."

"काहीतरीच तुझं!"

"अगं, महिनाभर मला एक अक्षर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आता दिसणारही नाही. पण हे बघ, नावाडी मुलीला विचारतोय, 'तू पलीकडे चाललीस, मग घरी तुझी जागा कोण राखणार?'"

"आणि ती म्हणते, 'कोणी कशाला? मी येतेच परत.'"

"नाही गं. इथे म्हणते, 'धाकटी राखेल.'"

"आई असं नव्हती वाचत. ताई, मिट ते पुस्तक. ताई!"

बाइंडरला पान उलटल्याचा आवाज आला.