तीस हजार खुर्च्या आणि एक कबर

—तिथं नका उभं राहू साहेब, आजोबांच्या छातीवर येताय तुम्ही. इकडं या, शेंगांच्या ओळीत — ओळ तुडवली तरी चालेल, आजोबा नको. हां. बसा. आता लिहा: पापा तालोमच्या शेतात त्याच्या आजोबांची कबर आहे, म्हणून उद्या खोदायचं मशीन आणायचं नाही, स्टेडियमच्या गाड्या उभ्या करायला दुसरी जागा बघायची. झालं. सही करा आणि निघा, तुमची राजधानी, याउंदे, लांब आहे. — कबरीवर दगड? दगड नसतो आमच्यात. नाव लिहून वाचणार कोण, मी? मला माझंच नाव लिहायला अर्धा दिवस लागतो.

अहो, हे एवढं स्टेडियम — बघा ना, वर छप्पर, खाली तीस हजार खुर्च्या, आणि गाव आमचं चार हजारांचं, कोंबड्या धरून — हेसुद्धा आजोबांना विचारूनच बांधलंय. बारा वर्षांपूर्वी पहिल्या खुंट्या कुठं ठोकल्या होत्या? इथंच, या शेंगांत. परदेशी इंजिनिअर होता, उंच, घामानं निथळत होता बिचारा. मी म्हणलं, खुशाल खणा, फक्त खाली माझे आजोबा आहेत. त्यानं टोपी काढली साहेब. टोपी काढून उभा राहिला, भुईमुगाच्या वेलापुढं. आणि सगळं स्टेडियम चाळीस पावलं तिकडं सरकवलं. तिकडं काय होतं? दलदल. राफियाच्या ताडांची दलदल, बेडूकसुद्धा जपून चालायचे. सात महिने ट्रक दगड ओतत होते — सकाळी ओतायचे, संध्याकाळी गडप. रेडिओवर मंत्री म्हणाला, खर्च दुप्पट झाला, जमिनीची अडचण आली. मी ओदिलला म्हणलं — ओदिल म्हणजे माझी बायको, शेत तिचं, शेंगा तिच्या, मी नुसता राखणीला — म्हणलं, ऐक, ती अडचण म्हणजे मी. एवढं महागडं मढं जगात कुणाच्या घरात नसेल.

गवत तर विमानातून आलं. आमच्याकडं गवत नाही? गवत उपटता उपटता माणसं म्हातारी होतात इथं. पण ते गवत वेगळं, ते अख्ख्या गावापेक्षा जास्त पाणी पितं. आणि सामने किती झाले? चार. त्यातला एक धुक्यात, कोण जिंकलं ते खेळाडूंनासुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं. आता म्हणे मोठी स्पर्धा येणार, गाड्यांना जागा पाहिजे. गाड्या कुणाच्या? गावात गाड्या दोन, त्यातली एक चालते.

हसू नका, लिहा. आजोबा ऐकतायत. मी त्यांना काही कमी पडू देत नाही — मीठ घालतो, पामतेल ओततो, कालच ओतलं, चुलीमागं — कुठं म्हणजे? घरी. मडक्यात. कवटी घरातच असते ना, बाबांच्या कवटीशेजारी. तुम्हा राजधानीच्या लोकांना नाही कळायचं ते. आम्ही माणूस पुरतो, चार-दोन वर्षांनी डोकं काढून घरी आणतो, पुढची सगळी विचारपूस त्या डोक्याशी. — मग इथं काय? इथं बाकीचे आजोबा. हात, पाय. हातापायांना मान नको? — नसतो? डोकं काढलं की वर मका लावतात? हे कुणी सांगितलं तुम्हाला?

आई कुठली म्हणालात? टेकडीपलीकडची? आणि तुमचं नाव वाफो? अरे लेका, म्हणजे तू आमच्यातलाच, मग मघापासून साहेब साहेब काय करून घेतोयस. तुझ्या आजीला तेल तूच ओतत असशील. आणि मी इथं तुला शिकवतोय.

बरं. वही मीट. पेनसुद्धा खिशात. इथं आजोबा नाहीत, कधी नव्हते, त्यांना घरामागं केळीत पुरलं होतं. इथं फटफटी पुरलीय. लाल. ओदिलनं आठ वर्षं शेंगा विकून घेतली होती, बाजाराला जायला — आणि मी तिसऱ्याच दिवशी, राफियाची दारू पिऊन, झाडावर घातली. तिला सांगितलं चोरीला गेली. तिनं चोर कुणाला ठरवलं? स्वतःच्या सख्ख्या भावाला. अजून बोलत नाही त्याच्याशी. म्हणून त्या खुंट्या बघून माझ्या तोंडातून आजोबा निघाले. ओदिलला वाटतं, तिचं शेत वाचवायला थाप मारली मी, तेव्हापासून पहिलं ताट मला वाढते. उद्या मशीन आलं तर पहिल्या फटक्याला हँडल वर येईल. शेत गेलं तर ती रडेल, फटफटी निघाली तर मी. आता सांग, काय लिहिणार आहेस?

माझ्या खांद्यावरून काय बघतोस? मागं कोण —

कधीपासून उभी आहे ही?

ओदिल, हे याउंदेचे साहेब, आजोबांना भेटायला आलेत. कुदळ खाली ठेव, बाई. — साहेब, तुम्ही निघा आता, घरातलं आहे हे. आणि कबर आहे म्हणून बिनधास्त लिहा. संध्याकाळपर्यंत माझी तयार असेल.