आण्णांची अर्धी फुंकर

आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, पुन्हा उभं कुणी केलं ते सांगतो. मागं त्यांना चालताना लई दम लागायचा. एका ठिकाणी नळीत फुंकायची तपासणी केली. रिपोर्ट बघून तिथले डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं आकसलीत. आता फार सुधारणा व्हायची नाही." त्या दिवसापासून आण्णांनी मळ्यात जाणंच सोडलं.

बायको म्हणाली, नारायणगावच्या डॉक्टर मॅडमना एकदा दाखवू. मॅडम आकड्यांपेक्षा रिपोर्टवरची रेघच बघत बसल्या. मग म्हणाल्या, "काका, दर वेळी फुंकता फुंकता तुम्ही मधेच थांबलाय. का बरं?"

आण्णा हळूच म्हणाले, "कवळी ढिली हाय वं. मशीनवाली पोरगी म्होरंच बसलेली. तिच्या अंगावर उडाली म्हंजी?"

मला हसू फुटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाटी पुढं केली. "ठेवा यात, आणि आता लाजू नका."

आण्णांनी छाती रिकामी होईस्तोवर फुंकलं. मग पंपाचं औषध देऊन मॅडमनी पुन्हा फुंकायला लावलं, तर श्वास आणखी मोकळा आला.

"फुप्फुसं आकसलेली नाहीत, काका. हा दमा आहे. रोज औषध ओढलंत की ताब्यात राहील."

बोळक्या तोंडानं आण्णा रडलेच राव.

परवा हळूहळू का होईना, ते लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढले. वर पोचल्यावर मी म्हणालो, "चला, दर्शन घेऊ."

"थांब," म्हणाले, "आदी मॅडमला फोन लाव."