पावडरवाल्याचं आधी आणि नंतर

तो उल्हासनगरचा वजन उतरवायची पावडर विकणारा आठवतोय? आमची बदलापूरची ताई जेवण सोडून तीच पावडर प्यायची. एकदा चक्कर येऊन ओट्याजवळच पडली. मग मी सायबर कॅफेत त्याच्या जाहिरातीतले फोटो स्कॅन करून डाएटवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकले. 'आधी'च्या फोटोत जाड बाई, 'नंतर'च्या फोटोत तीच बारीक.

अंबरनाथच्या एका काकूंनी लिहिलं, "आधी गळ्यात मंगळसूत्र आहे, नंतर नाही. वजनाबरोबर नवरापण उतरला काय?"

त्यावर सगळा ग्रुप पावडरवाल्यावर तुटून पडला. शेवटी त्याचं उत्तर आलं, "प्रिंटिंग मिस्टेक है, फोटो उलटे लग गये."

ताईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग पावडर खरी आहे. माझंही वाढलंच."