बासष्ट टक्क्यांवरची मैफल

...नाही, मला सांगा, मिक्सरला इंटरनेट कशाला लागतं हो? आवाज माईकमधून येतो, स्पीकरमधून जातो, मध्ये मी बसतो! एकतीस वर्षं या खुर्चीत बसतोय मी! चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या संगीतसभेत या वरदनच्या हाताखालून गेला नाही असा गळा नाही, मृदंगावरचा रव्याचा लगदा वाळला की नुसत्या कानानं सांगतो... पण नाही! सेक्रेटरी पट्टाभि सरांनी जुना मिक्सर विकून डिजिटल आणला, आणि दुसऱ्याच दिवशी तो म्हणतो, मला नेटवर्कला जोडा, माझं सॉफ्टवेअर जुनं झालं! अरे, कालच तर आलास!

पट्टाभि सर म्हणाले, "वरदन, जमत नसेल तर सांग बाबा, अण्णानगरचा साउंडवाला माझ्या मागेच लागलाय." झालं! तळपायाची आग मस्तकात! म्हटलं, "सर, आठ मिनिटांचं काम!" आठ मिनिटं हे मला कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलेलं. मंगळवार, पावणेपाचला सौंदरम मामींचं गाणं, मी दीडलाच वायर घेऊन हजर.

आता सभेचा वायफाय कुठे? कँटीनमध्ये! पासवर्ड कुणाला ठाऊक? कँटीनवाल्या ज्ञानमूर्तींना! आणि ते काय म्हणतात? "आधी पानावर बस, मार्गळीत, ऐन गाण्याच्या महिन्यात, कुणी उपाशीपोटी पासवर्ड मागतं का?" बसलो. सांबार, रसम, पायसम... पासवर्ड मिळाला ताकभातावर! मग वायफाय हॉलपर्यंत पोचावा म्हणून स्वयंपाक्यांच्या डोक्यावरून वायर ओढून त्याचा डबा हॉलच्या दारात आणला, मिक्सर जोडला, आणि जोडला गेला, पहिल्याच फटक्यात! एकतीस वर्षं उगाच नाही बसलो या खुर्चीत! फाइल उतरली, मिक्सरच्या स्क्रीनवर आलं, 'सुरू करू?', मी बोट उचललं, आणि मागून पट्टाभि सर ओरडले, "हात लावू नकोस! तीन वाजून दोन मिनिटं! राहुकाळ लागला!"

मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार, मी स्वतः त्यात नवी चप्पल घालत नाही! दीड तास दोघं त्या बटणासमोर मुलगी बघायला आल्यासारखे बसून. साडेचारच्या ठोक्याला दाबलं. आठ मिनिटं जाणार, सात उरणार, चिंताच नाही! दहा टक्के... चाळीस... बासष्ट... बासष्ट... बासष्टच! खाली ठळक अक्षरात, 'बंद करू नका'. आणि पावणेपाचला पडदा वर! आमच्या सभेत पडदा यमाचंही ऐकत नाही.

मामींनी सूर लावला. स्पीकर मुके! एकतीस वर्षांची अब्रू त्या बासष्टवर टांगलेली. मामींनी बोट वर केलं, वाढव! मी काय केलं? वाकलो, मेलेलं बटण अर्धा इंच सरकवलं आणि मान डोलावली. मामी खूश! मृदंगवाले गणेशन, त्यांचं नेहमीचंच, "मला अजून!" त्यांनाही दिलं! व्हायोलिनलाही दिलं! त्या दिवशी हात आखडता घेतलाच नाही मी!

आणि तुम्हाला सांगतो, ऐकू येईना म्हणून मामींनी गळा मोकळा सोडला, ऐकू येईना म्हणून तीनशे माणसं चिडीचूप, पिशव्यांची सळसळ बंद, कँटीनमध्ये भांडं वाजेना... काय तोडी गायल्या मामी! मी डोळे पुसले. पुसून स्क्रीनकडे पाहिलं, बासष्ट!

गाणं संपलं आणि लोक मागे वळून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतायत! अहो, साउंडवाल्याकडे लोक वळतात ते शिव्या द्यायला! मामी खाली उतरून म्हणाल्या, "वरदा, पंचेचाळीस वर्षं गातेय, असा आवाज मला कुणी दिला नाही रे!" अण्णानगरवाला आला होता, तो मागच्या दारानं निघून गेला. पट्टाभि सरांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि फर्मान काढलं, "या सेटिंगला आता कुणीही हात लावायचा नाही!"

सांगणार होतो हो खरं, तोंडही उघडलं होतं... पण एकतीस वर्षं या खुर्चीत बसतोय मी, शाल पहिल्यांदाच मिळाली, तीही नेमकी काहीच केलं नाही त्या दिवशी! घेतली. आता रोज पावणेपाचला खुर्चीत बसतो, मिक्सर बासष्टवरच मुका ठेवतो, कुणाचं बोट वर झालं की मान डोलावतो. करणार काय? सेटिंग बदलायला मनाई आहे!