वर स्वयंपाकघर नसतं

...आणि वर स्वयंपाकघर नसतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही. हसू नका. तुम्हाला सांगते, गेली तीस वर्षं कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की मी उठते, ‘कॉफी बघते हं’ म्हणते आणि आत जाते. बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो. पण समुद्राच्या वर, पॅराशूटच्या छत्रीला लटकलेली, पट्ट्यांनी आवळलेली बाई उठून जाणार कुठे?

सुहैलची आई आली होती अल ऐनहून, आमच्या मोझाला बघायला. मुलगा सोन्यासारखा, मोझालाही पसंत, राहिला होता तो फक्त ह्या बाईंचा होकार. आणि आम्ही सांगून ठेवलेलं, मोझा ऑफिसात कामाला आहे. आता माझी मुलगी बोट चालवते, आणि बोटीमागे दोर लावून पाहुण्यांना छत्रीखाली आभाळात लोंबकळत ठेवते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मागचं स्थळ एवढ्यावरूनच परत गेलं. ‘सून खलाशी नको’ म्हणाले. म्हणून मोझानं खाली मान घालून कॉफी दिली, बाईंनी विचारलं, ‘कामाला कुठं असतेस गं?’ आणि मी उठले. कॉफी बघायला. कॉफी समोरच होती, तरी.

दुसऱ्या दिवशी बाईंना रास अल खैमा बघायचं होतं. जुना किल्ला दाखवला, मासळीबाजार दाखवला. किनाऱ्यावर आलो तर त्यांनी वर बोट केलं. आभाळात दोन माणसं लोंबत होती, वाळत घातलेल्या मासळीसारखी.

‘मला तिथं जायचंय.’

‘अहो, साठी आली तुमची.’

‘अठ्ठावन्न.’

झालं. म्हणायचं होतं, जा, मी तुमची पर्स सांभाळते. पण पाहुणी एकटी निघाली की आमच्या तोंडून काय निघतं? ‘अल्लाची शपथ, एकट्या नाही जाऊ देणार तुम्हाला.’ सवय हो. दुसरं ताट, तिसरा कप, आमच्याकडे सगळं शपथेवर चालतं. मग समोरच्यानं म्हणायचं असतं, ‘शपथ आहे तुम्हाला, कष्ट घेऊ नका,’ आणि दोघी सुटतात. बाई म्हणाल्या, ‘बरं, चला.’

अशी कुठं रीत असते का?

मोझाला मी बजावलं होतं, चार दिवस रजा घे. ‘हो आई’ म्हणाली. पण बायकांच्या बोटीवर बाईच लागते, आणि दुसरी चालवणारी नेमकी त्याच दिवशी आजारी. बोट धक्क्याला लागली, तर सुकाणूच्या चाकापाशी उभी बाई: टोपी, काळा चष्मा, नाकातोंडाला फडकं. कुणी का गुंडाळीना, पोटची पोर ओळखू येतेच. बाईंना मात्र कळलं नाही, असं मला वाटलं. आमचे पट्टे मोझानंच बांधले. माझा जरा जास्तच आवळला आणि कानात म्हणाली, ‘आई, वर काही बोलू नकोस.’

मग पायाखालची बोट गेली. अंगावरचा पायघोळ अबाया फुगला, एक चप्पल समुद्रात पडली, आणि शेजारी बाई अशा निवांत, जणू झोपाळ्यावर बसल्यात.

‘ओबैदच्या आई,’ म्हणाल्या. ओबैद माझा थोरला. ‘ती बोटवाली छान चालवते, नाही?’

‘वारा फार आहे.’

‘कुणाची असेल हो पोर?’

‘वारा फारच आहे.’

‘लग्न ठरलंय का तिचं?’

मी सवयीनं उठायला गेले. पट्ट्यानं परत बसवलं. वर स्वयंपाकघर नसतं हो.

खालून मोझा अंगठा वर करून विचारतेय, ठीक ना? मी अंगठा खाली केला, उतरव म्हणून. बाईंनी वर केला. पोरीनं पाहुणीचं ऐकलं. शिकवण माझीच. अजून एक फेरी.

‘काल तुम्ही अकरा वेळा कॉफीला उठलात,’ बाई म्हणाल्या. ‘इथं उठता येणार नाही, म्हणून तर आणलंय तुम्हाला.’

मग काय करणार, बोलले. ‘माझीच पोर आहे ती. ऑफिसबिफिस काही नाही. तीन वर्षं बोट चालवतेय, सोडणार नाही म्हणते, आणि मीही सोड म्हणणार नाही. नको असेल तर खाली उतरल्यावर सांगा. आत्ता नको, दोर तिच्याकडे आहे.’

बाई अशा हसल्या की छत्री हलली. ‘पट्टे बांधतानाच ओळखलं मी. काल ह्याच हातांनी कॉफी दिली होती, डाव्या अंगठ्यावर दोराचा वळ आहे. ऑफिसात कुठला हो दोर? मुलगी मला कालच पसंत पडली. तिची आई कधी खरं बोलते का, तेवढं बघायचं होतं.’

उतरल्यावर त्यांनी मोझाच्या कपाळाचा मुका घेतला. मला रडूच आलं. आणि रडता रडता माझ्या तोंडून काय निघावं? ‘तुमच्या बहिणींनाही आणा बोट बघायला, अल्लाची शपथ, एकीलाही एकटी सोडणार नाही.’

बाई म्हणाल्या, ‘बरं.’

चार बहिणी आहेत. शनिवारी येतायत. चौघींनाही वर जायचंय, चौघींनाही मला काहीबाही विचारायचंय, आणि छत्रीला जागा दोघींचीच, म्हणजे शपथेपायी माझ्या चार फेऱ्या. मी आपला कॉफीचा थर्मास घेऊन जाणार आहे. उठता नाही आलं, तर निदान ओतता तरी येईल.