सगळ्या महाडला ठाऊक, बाईंना नाही

सन्माननीय अध्यक्षसाहेब, आपल्या शिक्षण संस्थेचे पदाधिकारी, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती विनोदिनीबाई, त्यांचे यजमान रघुवीरराव, चिरंजीव शौनक, माझे शिक्षक बंधुभगिनी, आणि दासगावपासून पार उमरठपर्यंतच्या गावांतून मुद्दाम आलेले बाईंचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

बाईंचा बावीस वर्षांचा सहकारी अशी माझी ओळख करून दिली गेली. खरी आहे. बाई गणित शिकवतात, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर. माझ्या आधी बोललेल्या तिघांनी बाईंच्या शिस्तीचं, वक्तशीरपणाचं, फळ्यावरच्या अक्षराचं कौतुक केलं. फार छान बोलले. फक्त तिघांचेही डोळे भरून आले आणि कशानं, ते तिघांनीही सांगितलं नाही. मी सांगणार आहे. बाईंची परवानगी काढली आहे. त्या म्हणाल्या, "बोला सर, पण मागच्या बाकावर दिसेल असं लिहा. पुसट नको."

पत्रिका तुमच्या हातात आहे. निरोप समारंभ, अठरा जानेवारी. बाई निवृत्त कधी होतात? एकतीस मे. साडेचार महिने आधी निरोप द्यायची पद्धत आपल्या शाळेत कधी सुरू झाली? गेल्या वर्षी आपल्या क्रीडाशिक्षकांना तर निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी बोलावलं, तेही त्यांनीच आठवण करून दिल्यावर! हसता काय? त्या समितीत तुम्हीही होतात.

ऑक्टोबरात बाईंचा खोकला हटेना. छातीत पाणी झालं होतं. मुंबईला नेलं, पाणी काढून तपासलं. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. बाई वॉर्डात, आणि डॉक्टरांच्या खोलीत रघुवीरराव आणि शौनक. शौनकनं विचारलं, "किती वेळ आहे?" डॉक्टर म्हणाले, "उपचार झाले नाहीत तर अशा रुग्णांतले निम्मे आठ महिन्यांच्या आत जातात, निम्मे त्यापुढे राहतात. पण पेशींचा आणखी एक रिपोर्ट यायचाय. गोळी चालण्यासारखी निघाली तर गोष्ट वेगळी. तीन आठवड्यांनी या."

एवढ्या बोलण्यातले दोनच शब्द बापलेकांनी घरी आणले. आठ महिने. बाईंना सांगितलं, न्यूमोनियाचं पाणी होतं, निघालं. तीन आठवड्यांनी कुणी गेलं नाही. रिपोर्ट शौनकच्या फोनवर आला आणि तिथंच पडून राहिला. का? गोळी सुरू केली तर आई पाकीट वाचणार, नाव विचारणार, शोधून काढणार. त्यापेक्षा आहेत ते दिवस सुखात जाऊ देत.

सुखात? कसलं सुख होतं ते? रोज दारात मोसंबीच्या पिशव्या. येणारा बाईंपुढे हसायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचा. जिवंत माणसाच्या घरी आपण समाचाराला जात होतो! एका गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "बाई मशेरी लावायच्या का हो?" ज्या बाईनं शाळेसमोरची तंबाखूची टपरी हलवेपर्यंत तीन मुख्याध्यापकांची झोप उडवली, त्या बाईबद्दल! एसटी स्टँडला माहीत, भाजीबाजाराला माहीत, दहावीच्या मुलांना माहीत. सगळ्या महाडला ठाऊक, एकट्या बाईंना नाही. अरे, ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी माणसं ज्या गावात तळ्यावर चालून गेली, त्याच गावात एका शिकलेल्या बाईला स्वतःच्या छातीतलं पाणी कशाचं, हे कळण्याचा हक्क नसावा?

अध्यक्षसाहेब, चिठ्ठी पोचली. "विषयाला धरून बोलावे." साहेब, विषय हाच आहे.

आणि रघुवीरराव, मान खाली घालू नका. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. मी तर तुमच्यापेक्षा मोठा अपराधी आहे. समारंभाची तारीख अलीकडे घ्यावी, ही सूचना कुणाची होती? माझी. ऑक्टोबरपासून आठ महिने मी बोटांवर मोजले, मे शेवटाला येत होता. म्हटलं, नको, जानेवारीच बरा. आयुष्यभर पुस्तकं वाचली, सभा गाजवल्या, आणि एका जित्याजागत्या सहकाऱ्याची तारीख पंचांग बघावं तशी बघत बसलो. समितीत एकानंही विरोध केला नाही. टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या होत्या.

हे फुटलं कसं? शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आपल्या चंपाबाई, त्या मागं दाराशी उभ्या आहेत. त्यांच्यापर्यंत कुजबुज पोचलीच नव्हती. कुजबुजसुद्धा आपण माणूस बघून करतो ना! डिसेंबरात पत्रिका वाटल्या, तशा त्या थेट स्टाफरूममध्ये आल्या.

"बाई, तुमी मेपर्यंत हाय ना? मंग आताच का घालवतायत तुमाला? भांडान झालं काय कुनाशी?"

बाईंनी पत्रिका घेतली, तारीख वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"सुहास सर, जानेवारीत का?"

"मे महिन्यात हॉल मिळत नाही, बाई. लग्नसराई."

"मग जूनमध्ये ठेवा. जूनमध्ये हॉल ओस पडलेला असतो."

मी टेबलावरच्या वह्या सारख्या करू लागलो.

"सर," बाई म्हणाल्या, "मला किती महिने दिलेत तुम्ही?"

मंडळी, मी सभेत कधी अडखळलो नाही. त्या दिवशी मला "आठ" एवढंही नीट म्हणता आलं नाही.

बाई रडल्या नाहीत. पाणी प्यायल्या. शौनकला फोन लावून डॉक्टरांचं सगळं बोलणं विचारून घेतलं आणि मग मला चक्क शिकवायला लागल्या. "डॉक्टरांनी मध्यक सांगितला, सर. दहावीला आहे तो. प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी करा आणि मधल्या मुलाची उंची घ्या. मग काय, सगळ्या शाळेला त्याच मापाचा गणवेश शिवणार?"

घरी गेल्या, शौनकचा फोन मागितला. रघुवीरराव म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच लपवलं." बाई म्हणाल्या, "माझ्यासाठी ना? मग मला विचारायचं होतंत." रिपोर्ट वाचला. गोळी चालण्यासारखी होती. डिसेंबरच्या सोळा तारखेला पहिली गोळी घेतली.

सहा आठवडे तो रिपोर्ट पडून होता. त्या सहा आठवड्यांत आत काय बिघडलं, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. गोळीनं रोग जात नाही. बऱ्याच जणांचा काही वर्षं थोपतो, काहींचा थोपत नाही. बाईंची तपासणी येत्या सोमवारी आहे. शाळेचा जिना त्या दोनदा थांबून चढायच्या, परवा एकदाच थांबल्या. मी एवढंच पाहिलं आहे. यापेक्षा जास्त सांगितलं तर मी पुन्हा ज्योतिषी ठरेन.

म्हणून तुम्हाला सांगतो, आणि हात जोडून नाही, बजावून सांगतो. घरात आजार आला तर ज्याचा आजार त्याला पहिल्या खुर्चीत बसवा. त्याच्या पाठीमागं जपलेली आशा ही त्याची नसते, आपली सोय असते. पुढचा प्रश्न विचारायची ताकद त्याच्यात आपल्यापेक्षा जास्त असू शकते. बाईंमध्ये होती. आपण ती सहा आठवडे कुलपात ठेवली.

बाई शाल-श्रीफळ आज घेणार आहेत. निरोप त्यांनी नाकारला आहे, तसं पत्र संस्थेला दिलं आहे. उद्या सव्वाआठला दहावीचा तास आहे, मुलांनी वेळेवर यावं.

संस्थेचे आभार, हॉलच्या व्यवस्थापकांचे आभार, आणि चंपाबाई, तुमचे सर्वांत जास्त. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. गप्प बसलो त्याची क्षमा मात्र मी बाईंकडे मागतो. ती द्यायची की नाही, हे त्यांचं त्या ठरवतील.

आता बाई बोलतील. कार्यक्रमात त्यांच्या नावापुढे दहा मिनिटं लिहिली आहेत. ती कुणी मोजू नयेत.